डब्यातले सहा बल्ब

१

“त्या व्हॅनचे दिवे काहीतरी खातंय,” सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी लेकीच्या बुटाची नाडी बांधत होते. त्या खिडकीत उभ्या होत्या, हातात चहा, नजर खाली रस्त्यावर. “महिन्यात दुसऱ्यांदा नवे बल्ब दिसतायत. नवा बल्ब इतक्या लवकर जात नाही. पोरीला बसवायच्या आधी त्या व्हॅनकाकांना विचार तरी.”

मी विचारलं नाही. उलट म्हटलं, “आई, कारखाना सुटला तुमचा. आता बल्बांनाही सोडा.”

सासूबाईंनी एकतीस वर्षं बल्बच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर काढली. गाड्यांच्या पुढच्या दिव्यांचे बल्ब. आमच्या घरातली ट्यूब जरा लुकलुकली तरी त्या तिच्याकडे अशा बघतात, जशी मास्तरीण उशिरा आलेल्या पोराकडे बघते. त्यामुळे त्यांचं बोलणं मी कानाआड केलं. आणि मी कोण, तर झोपलेल्या लेकीचा श्वास चालू आहे ना हे रात्री तीनदा उठून बघणारी, तिला द्राक्षाचेही चार तुकडे करून देणारी बाई. सगळ्या जगाची धास्ती घेतली, आणि नेमकी हीच घेतली नाही.

आठ दिवसांनी, मंगळवारी, सकाळी पावणेसातला दाट धुक्यात व्हॅन पुलाच्या वळणावर कठड्याला घासली. आत सात मुलं. कठडा दगडी होता म्हणून बरं. पलीकडे नदी होती. सहा मुलं नुसती घाबरली. माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या भुवईला तीन टाके पडले.

“आई, आधी एक दिवा झोपला,” टाके घालून झाल्यावर तिनं मला समजावून सांगितलं. “मग दुसरापण झोपला. मग धाडकन.”

तिचं ऐकायला मी जागेवर नव्हतेच. दुपारी मी कागद घेतला आणि निष्काळजी चालकाला ताबडतोब काढून टाकावं अशी तक्रार लिहिली. पदवी घेतलेली बाई, रागावली की शुद्ध लिहिते. शाळेच्या फाटकावर दुसऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता, “मी पुलावर समोरूनच येत होतो. दिवे लागलेलेच नव्हते हो! काळी गाडी, धुक्यातनं आली.” हा माणूस सदानकदा भोंगा वाजवतो म्हणून मुलं त्याला हॉर्नकाका म्हणतात. त्याच्या त्या एका वाक्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या कागदावर सगळ्या आयांच्या सह्या झाल्या. शनिवारी पालकसभा ठरली. ठराव झाला की व्हॅनकाकांची अठरा वर्षांची शाळेची फेरी बंद.

सासूबाईंनी चष्मा लावून तक्रार वाचली, दोनदा.

“चांगलं लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “पण बल्ब बघून लिहिलंस, की पोरीचे टाके बघून?”

मी कागद उलटा करून ठेवला.

“मग सही सुकायच्या आत चल माझ्याबरोबर. आणि माझ्या कपाटातले पांढरे हातमोजे घे.”

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा व्हॅन काकांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, डावा गाल खरवडलेला. व्हॅनकाका पायरीवर बसले होते. पन्नाशीचा माणूस, एका दिवसात साठीचा दिसत होता. मला बघून उठले, पण नजर वर केली नाही.

“ताई, टाके...”

“तीन,” मी म्हटलं. मुद्दाम जरा कडक आवाजात.

“दिवे लावले होते, ताई. शपथ घेत नाही, माझ्या शपथेला आता काय किंमत! पण लावले होते. डावा मध्येच गेला. शाळा सात मिनिटांवर होती. उजवा चालू होता, म्हटलं पोरांना सोडू आणि मग बदलू. ती सात मिनिटं माझी चूक, ती मी पदरात घेतो. पण वळणावर उजवाही गेला, तो का, हे मला कळत नाही. गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी दोन्ही नवे घातले होते.”

घरात काका आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना सगळे उस्ताद म्हणतात. चाळीस वर्षं लांब पल्ल्याचे ट्रक चालवलेले. ते अंगणात उन्हाला खुर्ची टाकून गुडघ्यांना तेल चोळत होते. निलगिरीचा वास असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“कोण आलंय?” ते म्हणाले. सासूबाई खाकरल्या तसे हसले. “अच्छा, बल्बवाल्या बाई! खाकरण्यावरनं ओळखलं. तुमच्या कारखान्यानं काय दिवे लावलेत हो? हल्लीचे बल्ब पहिल्या दिवसापासून मंद. घरातली ट्यूबसुद्धा. पोरानं दोनदा बदलली तरी उजेड म्हणून नाही.”

“आमचा कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, उस्ताद.”

“तरीच!”

त्यांनी आम्हाला पाणी दिलं. तांब्यातून ओतताना बोटाचं टोक ग्लासच्या काठातून आत धरलेलं. पाणी बोटाला लागलं की थांबायचे. एक थेंब सांडला नाही, पण तेच बोट ज्यानं आत्ता गुडघे चोळले! मी ग्लास तसाच खाली ठेवला. सासूबाईंनी गटागटा प्यायलं आणि माझ्याकडे डोळे वटारले.

निघताना त्यांनी काकांना बॉनेट उघडायला लावलं. दिव्याच्या मागे रबराची एक टोपी असते, आत पाणी आणि धूळ जाऊ नये म्हणून. सासूबाईंनी हातमोजे चढवले, टोपी अलगद सोलून काढली, उलटी केली आणि नाकाशी नेली. काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या दिव्याची टोपी काढून तीही हुंगली.

त्यांचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत हजारो बल्ब बाद करणारी ही बाई, तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

“काय झालं, आई?”

“आत्ता नाही. माझं नाक म्हातारं झालंय. एकट्या नाकाच्या साक्षीवर मी कुणाला धरणार नाही.”

३

व्हॅनचे मेलेले बल्ब फिटरकडे होते. चौकातलं त्याचं गॅरेज म्हणजे जुन्या वस्तूंचा आश्रम. तो काही टाकत नाही. आम्हाला पाहताच त्यानं पाना आपटला.

“आता माझ्यावर आळ का? हलका माल घातला म्हणून? बघा, मावशी, खोके ठेवलेत मी. ज्या ताकदीचे हवेत त्याच ताकदीचे बल्ब घातलेत. जास्त ताकदीचे घातले असते तर मागचा होल्डर वितळला असता, तो बघा कसा कोरा आहे. बॅटरीचं चार्जिंग तीनदा तपासलं, बरोबर आहे. जास्त असतं तर मागचेही दिवे उडाले असते. दिव्यात पाण्याचा टिपूस नाही. वायरी ठणठणीत. आता तुम्हीच सांगा, काय राहिलं?”

“प्रत्येक वेळी दोन्ही बदललेस?”

“जोडीनंच बदलायचे, मावशी. एक गेला की दुसराही त्याच वयाचा, तोही वाटेलाच लागलेला असतो.”

“नेहमीच नाही रे,” सासूबाई म्हणाल्या. “जोडीतला एक गेला तरी दुसरा रेंगाळतो कधीकधी. मी चौदा वर्षं रेंगाळतेय.”

फिटर ओशाळला, मग हसला, आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. महिन्यात तीन जोड्या, म्हणजे सहा बल्ब. पहिल्या दोन खेपांना जोडीतला एकेकच गेला होता. तिसऱ्या खेपेला, मंगळवारी, दोन्ही. म्हणजे चार मेलेले, दोन अजून जिवंत. त्यानं प्रत्येक बल्ब धातूच्या बुडाला धरून उचलला, काचेवर कागदाची सुरळी होती, आणि पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडले. सासूबाईंनी मला भिंग दिलं.

“बघ. शिकलेली आहेस ना?”

मी वाकले, आणि पुढची दहा मिनिटं मी कुठे आहे हे विसरले. करंगळीच्या पेराएवढी काच, तिच्यात केसापेक्षा बारीक तार, आणि ती तार स्प्रिंगसारखी वळलेली, वेढ्याला वेढा लागून. लोखंडाचं पाणी होईल त्याच्या वरच्या उष्णतेला ही तार रोज तापते, आणि वितळत नाही. एवढ्याशा तारेच्या भरवशावर मी रोज सकाळी माझा जीव व्हॅनमध्ये बसवून हात हलवत होते. मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं तिच्याकडे बघायचं.

“चार बल्बांत आतून काय दिसतं?”

“पांढरट पिवळा धूर बसल्यासारखा.”

“ती जळलेली तार. काचेला बारीक तडा जाऊन आत हवा शिरली की पेटलेली तार जळते आणि तिची राख काचेवर बसते. विझलेल्या तारेला हवा लागली तर काही होत नाही, ती आपली गार, स्वच्छ.” त्यांनी मंगळवारच्या दोन बल्बांवर बोट धरलं, न टेकवता. “हे दोन्ही बल्ब पेटलेले असताना गेलेत. तुझे व्हॅनकाका खोटं बोलत नाहीत. दिवे लागलेले होते.”

माझ्या कागदावर सगळ्या आयांच्या सह्या होत्या. एवढीशी तार त्या सगळ्यांच्या विरुद्ध साक्ष देत होती, आणि तारेला खोटं बोलता येत नाही.

“आणि तडा का गेला?” फिटरनं विचारलं. त्याचाही आवाज खाली आला होता.

“काच बाहेरून बघा.”

काचेवर दुधी डाग होते, काही ठिकाणी बारीक फुगवटा, भाजलेल्या कातडीला येतो तसा.

“ही काच हाताला चालत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “बोटाला जरा जरी तेल असलं तरी ते काचेवर बसतं, दिवा लागला की भाजतं, आणि तेवढीच जागा कमजोर होते. कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी हातमोजे द्यायचे, पगार नंतर.”

“म्हणजे यानंच...” मी फिटरकडे वळले. तो लालबुंद.

“थांब. लावताना एकदा हात लागला तर डाग एकाच जागी पडतो. इथे चारी बाजूंनी आहेत. एकावर एक, थरावर थर. जिवंत दोघांवरसुद्धा.” सासूबाईंनी भिंग मिटलं. “हे बल्ब कुणीतरी रोज बाहेर काढलेत. धरलेत, चोळलेत, आणि परत लावलेत. रोज.”

४

शुक्रवारी सकाळी आम्ही पेपर टाकणाऱ्या बाईला गाठलं. व्हॅनकाकांच्या गल्लीत सगळ्यांत आधी तीच शिरते. ती उरलेले पेपर मोजत होती.

“बघितलंय ना!” ती म्हणाली. “आठवड्यात चारदा तरी. बॉनेट वर, आणि कुणीतरी आत वाकलेलं. डोक्याला मफलर. मी म्हटलं, असेल तो हॉर्नवाला. त्याला ती फेरी हवीच होती. पण आपण कशाला कुणाच्या अध्यातमध्यात पडा?”

माझ्या मनात काहीतरी जागेवर बसलं. हॉर्न! म्हणूनच तो फाटकावर इतका ओरडत होता. मी मनातल्या मनात दुसरी तक्रार लिहायलाही घेतली.

“किती वाजता दिसायचं हे?” सासूबाईंनी विचारलं.

“सव्वापाच. अगदी घड्याळ लावून. त्या हॉर्नवाल्याचा भोंगा बोंबलतो ना, पहिल्या पाळीच्या कामगारांना गाडीत बोलावताना, तेव्हा मी त्याच कोपऱ्यावर असते.”

“भोंगा कुठे वाजतो?”

“मोठ्या रस्त्यावर. अख्खी वस्ती उठते.”

सासूबाई हसल्या. “म्हणजे तो तिकडे भोंगा वाजवत होता, आणि इकडे बॉनेट वर होतं. सुटला बिचारा. त्याच्या भोंग्यानं पहिल्यांदाच कुणाचं भलं केलं असेल.”

माझी दुसरी तक्रार तिथेच फाटली. खरं सांगू? मला वाईट वाटलं. हाती आलेला गुन्हेगार सोडायला फार जड जातं.

“हातात बॅटरी असायची?” सासूबाईंनी जाताजाता विचारलं.

“नाही. काळोखातच चालायचं सगळं. म्हणून तर मला भीती वाटायची.”

हॉर्न आम्हाला त्याच्या गाडीपाशी सापडला. “या, या! आता माझ्यावर लिहिता का कागद? अक्षर चांगलं आहे म्हणे तुमचं.”

“तुम्ही सांगाल तसं लिहीन,” मी म्हटलं. “फक्त एक सांगा. काळी गाडी दिसायच्या आधी काय दिसलं होतं?”

त्यानं गळ्यातला मफलर सोडला, परत गुंडाळला.

“धुक्यात पिवळं काहीतरी होतं,” तो हळू म्हणाला. “एक ठिपका. मला वाटलं, पुलावरचा दिवा.”

“पुलावर दिवा आहे?”

“नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. “नाहीये की हो!”

तो खोटं बोलला नव्हता. त्यानं जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त दोन सेकंद उशिरा पाहिलं होतं.

परतताना सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत चालल्या होत्या. मग म्हणाल्या, “फिटरला मी विचारून घेतलं, दर खेपेला उघडलं तेव्हा आत काय दिसलं ते. बल्बाची स्प्रिंग खाचेत नीट. रबराची टोपी सरळ, वरची बाजू वर. सहा बल्ब, महिनाभर रोज काढलेले, आणि एकदाही चुकून वाकडा लागला नाही. वैरी इतकं नीट परत लावत नाही गं. आणि बॅटरी नाही. चोर बॅटरी आणतो. फिटर बॅटरी आणतो. काळोखात बॅटरी कुणाला लागत नाही?”

मी रस्त्यातच थांबले. माझ्या डोळ्यांसमोर एक ग्लास आला, आणि त्याच्या काठातून आत धरलेलं बोट. मला ते घाण वाटलं होतं. ते बोट पाणी बघत होतं.

“आई,” मी म्हटलं, “त्या टोप्यांना निलगिरीचा वास होता का?”

“होता,” सासूबाई म्हणाल्या.

५

दुपारी आम्ही फिटरला घेऊन गेलो. त्यानं व्हॅनला नवे बल्ब घातले, कागदात धरून. शेडमध्ये मागच्या भिंतीला तोंड करून व्हॅन उभी होती, तिथे दुपारीही अंधारच. उस्ताद हाक मारल्यावर काठी न घेता, पत्र्याच्या खांबाला हात लावत आले.

“उस्ताद,” सासूबाई म्हणाल्या, “या आजकालच्या फिटरला दिवा कसा पुसायचा ते दाखवा. याला काही येत नाही.”

फिटर बोलायला गेला, मी त्याच्या पायावर पाय दिला.

उस्तादांचा चेहरा खुलला. त्यांनी बॉनेट वर केलं आणि दोन्ही हात आत घातले. मान मात्र वर, नजर समोर कुठेतरी लांब. वायरीचा जोड सुटला. टोपी निघाली. अंगठ्यानं स्प्रिंग दाबली, बल्ब बाहेर तळहातावर. मी सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ घेते, तेवढ्यात सगळं झालं. फिटर आ वासून बघत होता. त्याला उजेडात याच्या दुप्पट वेळ लागतो. त्या बोटांना तिथली प्रत्येक खाच ठाऊक होती, जशी मला अंधारात लेकीचा चेहरा ठाऊक आहे.

“आमच्या वेळी बल्ब लिंबाएवढे असायचे, साध्या काचेचे,” उस्ताद म्हणाले. “माझ्या वस्तादाचा पहिला धडा, दिवा पुसल्याशिवाय चाक हलवायचं नाही. त्यावर मी चाळीस वर्षं काढली. आता पोरांची गाडी आहे. सात लेकरं. मी रोज पुसतो. पोरगा झोपलेला असतो, त्याला कशाला उठवा?” आणि त्यांनी बल्ब सदऱ्याच्या टोकात धरून चोळला, मग शेवटचा हात म्हणून अंगठा गोल फिरवला, मायेनं. अंगठा तेलानं चमकत होता.

व्हॅनकाका दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

दोन्ही बल्ब परत बसले, खाचेत खाच. उस्ताद मोजून पावलं टाकत व्हॅनच्या समोर जाऊन उभे राहिले, भिंतीकडे पाठ करून.

“लाव रे. आता बघा कसा लख्ख पडतो.”

काकांनी आत बसून बटण दाबलं. अंधाऱ्या शेडमध्ये दोन झोत सुटले. उस्तादांचा पांढरा सदरा पेटल्यासारखा झाला, मागच्या भिंतीवर त्यांची सावली छतापर्यंत गेली. मी हातानं डोळे झाकले.

उस्ताद तसेच उभे. डोळे सताड उघडे. पापणीसुद्धा हलली नाही.

“अरे, लाव ना,” ते म्हणाले.

फिटरनं माझ्याकडे बघितलं.

“लावलाय, बाबा,” काका आतून म्हणाले.

उस्तादांनी मान जरा तिरकी केली, पाखरू करतं तशी, आणि एका कोपऱ्यातून झोत शोधला. मग त्यांचा हात हळूहळू पुढे आला. दिव्याच्या काचेवर टेकला. काच तापली होती.

“म्हणजे बल्ब मंद नव्हते,” ते म्हणाले.

६

शनिवारच्या सभेला उस्ताद येऊ नयेत म्हणून काकांनी हातापाया पडून पाहिलं. “मी घेतो ना माझ्यावर, बाबा. फेरी गेली तर जाऊ दे. लोकांसमोर तुमचं...”

“गप,” उस्ताद म्हणाले. “चाळीस वर्षांत माझी चूक दुसऱ्याच्या माथी मारली नाही. आता पोटच्या पोराच्या मारू?”

सभेत मी आधी उभी राहिले. मी माझीच तक्रार वाचली आणि म्हटलं, यातलं पहिलं नाव मी मागे घेते, कारण मी न बघता लिहिलं. सासूबाईंनी बल्ब आणि भिंग फिरवलं. आया रांगेत वाकून बघत होत्या, आणि भिंगावरून डोकं वर करणाऱ्या प्रत्येकीचा आवाज खाली आलेला असायचा. हॉर्न आपण होऊन उठला आणि म्हणाला, “ते पिवळं म्हणजे गाडीचा दिवाच होता. मी चुकलो.” त्याच्यासाठी हे भोंगा न वाजवता वळण घेण्याइतकं अवघड असणार.

मग उस्ताद बोलले. उभे राहून, कुणाकडेच न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दिवे माझ्या हातानं गेले. पोराला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मला वाटायचं, जग मंद होत चाललंय.”

मागच्या बाकावरची एक आई रडायला लागली. ठराव झाला नाही. काकांनी स्वतःच सांगून दोन अटी लिहून घेतल्या. गाडीत कायम एक जादा जोडी ठेवायची, आणि एक दिवा गेला की गाडी तिथेच थांबवायची, शाळा सात मिनिटांवर असो की सातव्या पावलावर. सोमवारी लेक परत त्याच व्हॅनमध्ये बसली. मी दोन्ही दिवे लागलेले बघितले, मग हात हलवला.

काकांनी उस्तादांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलाय, तो परत येणार नाही. दुसऱ्यात जेवढी नजर आहे तेवढी औषधानं राखता येईल. आणखी सहा महिने गेले असते तर राखायला काही उरलं नसतं. दुखत नाही म्हणे हा आजार बहुतेकदा, डोळा लालही होत नाही. कडेकडेनं खात येतो, आणि एका डोळ्याचं गेलेलं दुसरा भरून काढत राहतो. माणूस ट्यूब बदलतो, चष्मा पुसतो, बल्बवाल्याला शिव्या देतो, आणि स्वतःवर शंका घेत नाही. घरचेही घेत नाहीत. त्या घरात काका होते. त्या अंगणात मी होते, पदवी घेतलेली, सगळ्याची धास्ती घेणारी, आणि मला फक्त ग्लासातलं बोट दिसलं.

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारच्या घरात, कुणीतरी असेल. हल्ली उजेडच नाही म्हणणारं. पायरी पायानं चाचपणारं, हाक मारल्याशिवाय न ओळखणारं. त्यांना फोन करू नका. फोनवर सगळेच बरे असतात. आज प्रत्यक्ष जा. समोर बसा. त्यांना एक डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि विचारा, माझी किती बोटं दिसतात? मग नजर समोरच ठेवायला सांगून हात हळूहळू बाजूला न्या, आणि कुठवर दिसतो ते विचारा. मग दुसरा डोळा. जरा जरी अडखळले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि ते हसून म्हणाले, काय हा पोरखेळ, तर तुम्हीही हसा, पण हात खाली घेऊ नका.